मनोरुग्णसेवकांचे उच्च शिक्षण : खर्च कोणी सोसावयाचा?

कायद्यात मुदत घालणे सोपे असते. ती मुदत पाळण्यासाठी लागणारी माणसे घडविणे अवघड असते. संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे या कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. हक्क दिला की तो पुरविणारे हातही हवेत, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात होते. म्हणूनच ३१ व्या कलमात त्यांनी केंद्र व राज्य सरकारांवर दोन कामे सोपविली. उच्च शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने शिक्षणाचे व प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखून मानसिक आरोग्यसेवेतील मनुष्यबळ वाढवावे, हे एक; आणि लोकसंख्येच्या प्रमाणात किती व्यावसायिक असावेत याविषयीचे आंतरराष्ट्रीय निकष कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत गाठण्याचा प्रयत्न करावा, हे दुसरे. ही दहा वर्षे मे २०२८ मध्ये पुरी होतात.

'प्रयत्न करावा' हा शब्दप्रयोग सरकारला सोयीचा आहे. प्रयत्न केला, पण यश आले नाही, असे म्हणावयास त्यात जागा राहते. तथापि प्रयत्न कोणत्या दिशेने झाला, हे तरी तपासता येते. तसे तपासू लागले म्हणजे असे दिसते की, नव्या संस्था किती काढाव्या आणि नव्या जागा किती वाढवाव्या याचा विचार झाला. परंतु जे स्त्री-पुरुष आजच या सेवेत आहेत, त्यांना पुढचे शिक्षण कसे घेता येईल, हा प्रश्न मात्र फायलींच्या तळाशीच राहिला. मानसिक आरोग्यसेवेतील माणसांची उणीव भरून काढण्याचा सर्वांत जवळचा मार्ग त्यांच्यातूनच जातो. तो मार्ग मोकळा करण्याऐवजी गेल्या काही वर्षांत तो अधिकच अरुंद झाला आहे.

उणीव किती आहे?

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक बाब अशी की, निरनिराळ्या विकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण म्हणून महाराष्ट्राची स्थिती निराळी असेल असे मानण्यास आधार नाही. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी २२ हजार ७४६ एकट्या महाराष्ट्रातील होत्या. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक विकारच असतो असे नाही. कर्ज, कलह, आजारपण, नापिकी अशी अनेक कारणे असतात. परंतु संकटात सापडलेल्या माणसाशी जाणतेपणाने बोलणारे कोणी जवळपास असते, तर त्यांतील काही जीव वाचले असते, हे नाकारता येणार नाही.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याचे नमूद केले. हे प्रमाण लाखामागे तीन व्हावयाचे, तर आणखी सुमारे २७ हजार मनोविकारतज्ज्ञ लागतील, असेही समितीने सांगितले. हाच निकष महाराष्ट्राला लावला, तर २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २३ लाख लोकसंख्या धरूनही राज्याला सुमारे ३,३७० मनोविकारतज्ज्ञ हवेत. जून २०२४ नंतर आलेल्या २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीतही मानसिक आरोग्याचा विषय प्रथमच सविस्तर आला, हे सुचिन्ह म्हणावयाचे.

पण मनोविकारतज्ज्ञ हा या सेवेचा केवळ एक घटक आहे. त्याने औषध लिहून दिल्यानंतर रुग्णाला ते घ्यावयास लावणारी परिचारिका, त्याच्या विचारांतील गाठी सोडविणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, त्याच्या घरी जाऊन कुटुंबाला समजावणारा व त्याला पुन्हा कामाला लावणारा मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, हे सर्व मिळून ही सेवा बनते. आणि या तिन्ही व्यवसायांत पदव्युत्तर शिक्षण ही शोभेची वस्तू नाही. पहिल्या पदवीत मनोविकारांची जेमतेम तोंडओळख होते. खरी विद्या पुढच्या शिक्षणातच हाती येते. २०१७ च्या कायद्याची व्याख्याच तशी आहे. मानसशास्त्रातील वा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापुढे देखरेखीखालील रुग्णसेवेसह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, असा मार्ग कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञासाठी व मनोविकृती सामाजिक कार्यकर्त्यासाठी आखून दिला आहे.

पहारेकऱ्यापासून उपचारकापर्यंत

ही अपेक्षा एका दिवसात निर्माण झालेली नाही. १९१२ च्या कायद्याच्या काळात 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणजे भिंत, कुलूप आणि पहारा असे समीकरण होते. तेथील सेवकाने रुग्णाला पळू देऊ नये आणि त्याने कोणाला इजा करू नये एवढे पाहिले की त्याचे काम संपले. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हा मानसिक आजारांसाठी शिकविलेली माणसे देशात जवळजवळ नाहीत, हे स्पष्ट झाले. त्यातून १९५४ साली बंगळुरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. आजची राष्ट्रीय संस्था ही तिचीच १९७४ नंतरची वाढ. मुंबईत तर १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढून समाजकार्याच्या विद्यार्थ्याला मनाच्या आजाराशी प्रत्यक्ष भिडविले होते. या बाबतीत महाराष्ट्र मागून आलेला प्रांत नव्हता.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि आज तो ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. १९८७ च्या व नंतर २०१७ च्या कायद्याने पहारा मागे पडून उपचार पुढे आला. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतील सेवकांच्या कामाचे स्वरूप त्यामुळे मुळापासून बदलले. रुग्णाची संमती घेणे, त्याचे अधिकार सांगणे, त्याच्या नातलगांना उपचारात सामील करून घेणे, त्याला घरी परत पाठविण्याची तयारी करणे, ही सारी कामे आज त्यांच्याकडून अपेक्षित आहेत. काम बदलले, पण ते करणाऱ्याला नवे काम शिकविण्याची सोय त्याच वेगाने झाली नाही.

जिल्हा कार्यक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांतच या उणिवेची कबुली आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ न मिळाल्यास प्रशिक्षण दिलेला मानसशास्त्रज्ञ घ्यावा, मनोविकृती परिचारिका न मिळाल्यास प्रशिक्षण दिलेली सर्वसाधारण परिचारिका घ्यावी, अशी सवलत तेथे आहे. ही सवलत व्यवहार्य होती, यात शंका नाही. पण सवलतीने नेमलेला माणूस कायम सवलतीवरच ठेवावा, असे तर कोणी म्हटले नव्हते. त्याला पाच-सात वर्षांत पूर्ण पात्रतेपर्यंत नेण्याची शिडी त्याच तत्त्वांना जोडावयास हवी होती. ती जोडली गेली नाही.

एकामागून एक मिटलेली दारे

आता या माणसाने स्वतःच्या हिमतीवर पुढे शिकावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे? नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी तो निर्णय अमलात आणला. मग लक्षात आले की, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता यांची कायदेशीर पात्रताच या पदवीवर उभी आहे. तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. भारतीय पुनर्वास परिषदेने बी.एस्सी. व एम.ए. या स्तरांवर चिकित्सा मानसशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमांची आखणी केली. हा बदल कदाचित हिताचाही ठरेल. पदवीच्या पायऱ्या कमी झाल्या तर तरुण विद्यार्थ्याची वर्षे वाचतील. पण हा सारा विचार बारावी वा पदवी नुकतीच झालेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून केलेला आहे. दहा वर्षे रुग्णांत वावरलेल्या पस्तिशीच्या समुपदेशकाने या नव्या रचनेत कोठून शिरावयाचे, याचे उत्तर तीत शोधावे लागते.

दुसरे दार दूरस्थ शिक्षणाचे होते. नोकरी सांभाळून मानसशास्त्राचे एम.ए. करणारे अनेक शिक्षक, समुपदेशक व परिचारिका मुक्त विद्यापीठांकडे वळत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित असलेले अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास त्या वर्षीच्या सत्रापासून मनाई केली. सहयोगी आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या २०२१ च्या कायद्याचा आधार त्यास आहे. या निर्णयामागील तत्त्व चुकीचे नाही. रुग्णाशी कसे बोलावे हे टपालाने आलेल्या पुस्तिकेतून शिकता येत नाही. जाणत्याच्या नजरेखाली ते शिकावे लागते. त्या एम.ए.ने चिकित्सेचा परवाना मिळत नव्हता, हेही खरे. परंतु नोकरी करणाऱ्याला ज्ञानाचे जे एक दार उघडे होते ते मिटताना त्याच्या जागी दुसरे उघडावयास हवे होते. निकृष्ट वाट बंद करणे हे अर्धे काम होते. उत्तम वाट काढणे हे उरलेले अर्धे काम. पहिले झाले, दुसरे राहिले.

उरली ती पूर्णवेळ शिक्षणाची वाट. शासकीय सेवेतील परिचारिकेला एम.एस्सी. नर्सिंगचा मानसिक आरोग्य हा विषय घेऊन दोन वर्षे शिकता येते. त्यासाठी १९८१ च्या राज्य रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. पण रजा हा हक्क नाही; सेवेची निकड दाखवून ती नाकारता येते. आणि मनोरुग्णालयात सेवेची निकड नाही असा दिवस कोणता? जे लोक करारावर आहेत त्यांची स्थिती तर आणखी कठीण. ज्याचा करार वर्षभराच्या आत संपतो आणि पुन्हा नव्याने केला जातो, त्याने दोन वर्षांची रजा मागावयाची ती कोणाकडे? शिकावयाचे असेल तर नोकरी सोडावी, एवढेच उत्तर त्याला मिळते.

व्यक्तीचा तोटा, समाजाचा नफा

या ठिकाणी थोडा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एखाद्या जिल्हा रुग्णालयातील अधिपरिचारिकेला दरमहा ४० हजार रुपये वेतन मिळते. दोन वर्षे बिनपगारी राहून ती शिकली, तर तिचे ९ लाख ६० हजार रुपये बुडतात. शुल्क, पुस्तके व वसतिगृह यांचा खर्च वेगळाच. समजा, परतल्यावर नव्या पात्रतेमुळे तिचे वेतन दरमहा तीन हजारांनी वाढले, म्हणजे वर्षाला ३६ हजारांनी. तर नुसते बुडालेले वेतन भरून येण्यास तिला २६ वर्षांहून अधिक काळ लागेल. पस्तिशीत शिकावयास गेलेल्या बाईच्या सेवेची तेवढी वर्षेही उरलेली नसतात. अशा स्थितीत ती शिकावयास गेली नाही, तर तिला महत्त्वाकांक्षा नाही असे म्हणणे अन्यायाचे होय. ती अर्थशास्त्र न शिकताही हिशेब अचूक करते.

या हिशेबात जे येत नाही तेच महत्त्वाचे आहे. तिच्या शिक्षणाचा फायदा तिच्या वेतनचिठ्ठीत दिसत नसला तरी तो अस्तित्वात असतो. तो तिच्या हाताखालील दहा परिचारिकांना मिळतो, औषध मध्येच न सोडलेल्या रुग्णाला मिळतो, त्या रुग्णाच्या बुडीत गेलेल्या रोजंदारीला मिळतो, त्याला सांभाळण्यासाठी शाळा सोडावी लागली असती अशा मुलीला मिळतो. ज्या वस्तूचा लाभ इतका दूरवर पसरतो, तिचा सर्व खर्च एकाच व्यक्तीवर टाकला की ती वस्तू गरजेपेक्षा कमी निर्माण होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. मनोरुग्णसेवेतील पदव्युत्तर शिक्षितांचा तुटवडा हे त्याचे धडधडीत उदाहरण आहे.

ब्रिटनमध्ये हा विचार एका अर्थशास्त्रज्ञानेच पुढे रेटला. लॉर्ड रिचर्ड लेयर्ड यांनी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या सहकार्याने असा मुद्दा मांडला की, नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्यांना भत्ते देत राहण्यापेक्षा त्यांच्यावर मानसोपचार करणे सरकारला स्वस्त पडेल. २००८ साली तेथे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तीन वर्षांत ३,६०० नवे उपचारक तयार करण्याचे ठरले. त्या योजनेचे मर्म तिच्या आकड्यात नव्हते. शिकणाऱ्याला सेवेत नेमावयाचे, त्याला पगार द्यावयाचा, आठवड्यातील काही दिवस विद्यापीठात आणि उरलेले दिवस देखरेखीखाली रुग्णांत घालवावयाचे, ही तिची रचना होती. शिक्षण आणि सेवा यांच्यातील भिंत त्या योजनेने पाडली.

ब्रिटनचा हिशेब मात्र जसाच्या तसा येथे लागू पडत नाही, आणि आपल्याकडील अनास्थेचे खरे कारण त्यातच दडलेले आहे. तेथे आजारी माणूस घरी बसला की त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडतो. म्हणून तो बरा झाल्याची बचतही अर्थखात्याला दिसते. येथे तो भार घरच्या आईवर, बायकोवर, सुनेवर पडतो. २०१५-१६ च्या पाहणीत रुग्णाच्या कुटुंबाला उपचार व प्रवास यांपायी दरमहा सुमारे हजार ते दीड हजार रुपये खर्च करावे लागत असल्याचे दिसले. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. कुटुंब निमूटपणे सोसते, म्हणून सरकारला तोटा दिसत नाही. आणि तोटा दिसत नाही म्हणून तो टाळण्यासाठी पैसाही निघत नाही. दिसत नसलेला तोटा हाही तोटाच असतो, हे अर्थखात्याला कोणी तरी सांगावयास हवे.

आक्षेप आणि उत्तरे

या विचारावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांची दखल घेतली पाहिजे. पहिला आक्षेप असा की, एवढ्या उच्च शिक्षणाची गरजच काय? गोव्यात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात गावपातळीवरील सामान्य शिक्षित समुपदेशकांनी सरकारी आरोग्यकेंद्रांतील नैराश्यग्रस्तांना यशस्वी साहाय्य केले. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' या उपक्रमाने गावातील कार्यकर्त्यांच्या बळावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत राज्य सरकारने सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशा कार्यकर्त्यांवर मोठी भिस्त आहे. हे प्रयोग मोलाचे आहेत आणि त्यांचा विस्तार झालाच पाहिजे. पण त्यांच्याकडे नीट पाहिले तर त्यांतून उच्च शिक्षणाची अनावश्यकता सिद्ध होत नाही. उलट त्याची जागा कोठे आहे ते कळते. गावातील कार्यकर्तीला शिकविणारे, दर आठवड्याला तिच्या कामाची उजळणी घेणारे, तिच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ओळखून पुढे पाठविणारे कोणी तरी लागते. शंभर आशांमागे असा एक जाणता माणूस नसेल, तर प्रयोग संपताच त्याचे फलितही विरून जाते. तो जाणता माणूस म्हणजेच सेवेतून वर आलेला, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला परिचारक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा असेल. आधीच माणसे कमी. त्यांतील काही शिकावयास पाठविली तर वॉर्ड कोणी सांभाळावयाचा? अडचण खरी आहे, पण तिचा उपयोग कायमची सबब म्हणून होऊ देणे धोक्याचे आहे. बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याचे आजचे जेवण होते. त्याच्या पुढच्या हंगामाचे काय? शिवाय हा आक्षेप डॉक्टरांच्या बाबतीत अडसर ठरला नाही. सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांना अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. ग्रामीण भागात सेवा देणाऱ्या डॉक्टरला पुढे शिकण्याची आशा असली तर तो तेथे टिकतो, हे तत्त्व त्यामागे आहे. जे तत्त्व डॉक्टरला लागू पडते ते परिचारिकेला व मानसशास्त्रज्ञाला का पडू नये? त्यांची सेवा ग्रामीण नाही काय, की त्यांच्या आशेला किंमत नाही?

तिसरा आक्षेप असा की, सरकारी पैशाने शिकून माणसे खासगी क्षेत्रात वा परदेशी निघून जातील. काही जातीलही. त्यासाठी बंधपत्र घ्यावे. शिक्षणाच्या दुप्पट काळ सेवेचे वचन घेण्यात गैर काही नाही. पण बंधपत्र दोन्ही पक्षांना बांधणारे असावे. शिकून आलेल्यास त्या पात्रतेचे पद आणि त्या पदाची वेतनश्रेणी देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घेतले पाहिजे. मनोविकृती परिचर्येत पारंगत होऊन आलेल्या परिचारिकेची बदली दुसऱ्या वर्षी प्रसूतिकक्षात होऊ शकत असेल, तर तिचे शिक्षण वाया गेले, असेच म्हणावे लागेल. माणसे पैशासाठी जातात त्याहून अधिक वेळा आपल्या विद्येचा उपयोग नाही म्हणून जातात.

काय करता येईल?

मार्ग कठीण असला तरी अज्ञात नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या कर्मचाऱ्याचा शिक्षणकाळ हा रजेचा काळ न मानता कर्तव्यकाळ मानावा, त्याला पूर्ण वेतन द्यावे आणि त्याच्या जागी बदली माणूस नेमण्याची तरतूद त्याच आदेशात असावी. करारावरील कर्मचाऱ्यांना यातून वगळू नये. शिक्षणकाळात त्यांचा करार अखंड मानावा. एकूण जागांपैकी ठराविक वाटा पाच वर्षांहून अधिक काळ सेवा केलेल्यांसाठी राखून ठेवावा.

त्याबरोबर नियामक संस्थांनीही एक पाऊल पुढे यावयास हवे. दर्जा राखावयाचा म्हणजे अभ्यासक्रम पूर्णवेळच असला पाहिजे, हे गृहीतक पुन्हा तपासावे. तोच अभ्यास, तेवढेच तास, तेवढीच देखरेख, पण तीन-साडेतीन वर्षांत विभागून स्वतःच्या रुग्णालयातच पुरा करण्याची मुभा असावी. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभाग यांना विद्यापीठांशी जोडले, तर वर्गासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास योजनेतून देशात २५ उत्कृष्टता केंद्रे मंजूर झाली आणि १९ शासकीय संस्थांतील ४७ पदव्युत्तर विभागांना साहाय्य मिळाले. हे विभाग केवळ नव्या विद्यार्थ्यांचे न राहता सेवेतील कर्मचाऱ्यांचेही व्हावेत. अर्थात शिकविणारे मार्गदर्शकही थोडेच आहेत आणि एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी देता येतात. म्हणूनच शिकून तयार होणाऱ्या पहिल्या तुकड्यांतून पुढचे मार्गदर्शक घडविण्याचा क्रम आताच आखला पाहिजे. ही साखळी जितकी उशिरा सुरू होईल तितकी पुढची पिढी मागे पडेल.

आणखी एक गोष्ट. मनाचे दुखणे माणूस आपल्या भाषेत सांगतो. 'जीव घाबराघुबरा होतो', 'कशात मन लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात', 'कोणी तरी करणी केली', हे शब्द घेऊन रुग्ण येतो आणि ग्रंथ मात्र इंग्रजीत असतात. या दोहोंमधील पूल रोज बांधणारी माणसे म्हणजे सेवेतील हेच कर्मचारी. ते पदव्युत्तर वर्गात आले, त्यांनी आपल्या अनुभवावर प्रबंध लिहिले, तर मराठी माणसाच्या मनोविकारांविषयीचे असे ज्ञान जमा होईल की जे परदेशी पाठ्यपुस्तकांतून कधीच मिळणार नाही. शिकावयास येणारा परिचारक विद्यापीठाकडून घेईल तितकेच विद्यापीठाला देईलही.

मे २०२८ पर्यंत लाखामागे तीनचा आकडा गाठला जाईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. पण कायद्याने प्रयत्न मागितला आहे आणि प्रयत्नाचे मोजमाप करावयास एक साधा प्रश्न पुरेसा आहे. एखाद्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मानसिक आरोग्य बाह्यरुग्ण विभागात बारा वर्षे काम करणारी परिचारिका उद्या वरिष्ठांपुढे उभी राहिली आणि 'मला पुढे शिकावयाचे आहे' म्हणाली, तर तिला काय उत्तर मिळते? 'अर्ज ठेवून जा' हे उत्तर गेली कित्येक वर्षे मिळत आले आहे. 'कोणत्या महिन्यापासून जाता?' असे उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी ३१ व्या कलमाचा अंमल सुरू झाला असे मानावयास हरकत नाही.